होडीला ब्रेक नसतो

मित्रांनो, मी एक जुनी लाल मोटार आहे, आणि माझ्या पोटात काय काय आहे हे मला कित्येक वर्षे ठाऊक नव्हते. हसू नका. तुमचे पोट आतून कसे दिसते ते तुम्हाला तरी कुठे ठाऊक आहे?

माझा जन्म उत्तरेकडच्या एका कारखान्यात झाला. लोखंडी हात वरून येत, दार लावत आणि निघून जात. मला विचारावेसे वाटे, 'अहो, आता आत काय बसवलेत?' पण तोवर पुढचा हात आलेला असे. एके दिवशी मला एका लांबलचक ट्रेलरवर चढवले. आंबा घाट उतरताना हवा ओली लागू लागली. रत्नागिरीत उतरले तेव्हा त्या हवेला मिठाचा वास आहे हे मला कळले. हेच मीठ पुढे माझे पत्रे खाणार होते, पण तेव्हा मला ते नवलाचे वाटले.

मला यमुनाबाईंनी विकत घेतले. त्या सरकारी दवाखान्यात नर्स होत्या आणि लस टोचायला गावोगाव जात. त्यांचे यजमान धाकूकाका मिरकरवाडा बंदरात मासेमारीच्या लाँचवर इंजिन सांभाळत. भर दर्यात इंजिन बंद पडले तर दुरुस्तीला कोण येणार? त्यामुळे काकांना सगळे स्वतःच करायची सवय. शेजाऱ्यांचा पंप बिघडो की घरचा मिक्सर, "आण इकडे" म्हणून ते मांडी घालून बसायचे.

मला मात्र त्यांनी कधी उघडले नाही. यमुनाबाईंची तशी ताकीदच होती.

"तुमची लाँच तुमची, माझी गाडी माझी. हिला पाना लावलात तर जेवण बंद."

"बरं गो बाये," काका म्हणत, आणि माझ्याकडे चोरून बघत.

लाँचवरचे काम सोडल्यावर काका गाडी शिकले. यमुनाबाई त्यांना भाट्याच्या किनाऱ्यावर घेऊन जात. वळण यायच्या कितीतरी आधीपासून काका सुकाणू फिरवल्यासारखे चाक फिरवू लागत. थांबायचे असले की पाय उचलून नुसते बसून राहत.

"अहो, ब्रेक! ब्रेक दाबा!"

"थांबते गो आपसूक. मशीन कमी केलंय ना."

"ही काय धक्क्याला लागायची आहे?"

माडाच्या बुंध्यापासून वीतभर अंतरावर मी थांबले. यमुनाबाई इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. पण काका शिकले, आणि पुढे चांगले चालवू लागले.

माझी नोकरी मोठी मानाची होती. लाल गाडी दिसली की वाडीतल्या बाया अंगणात येत. पोरे मात्र सुईच्या भीतीने माडांच्या आड पळत. एका पोराने तर माझ्या चाकातली हवाच सोडली होती! माझ्या मागच्या सीटवर एक बाळही जन्मले. दवाखाना दोन वळणांवर होता, पण त्याला धीर नव्हता.

मग यमुनाबाई आजारी पडल्या. ज्या दिवशी त्यांना मोठ्या दवाखान्यात न्यायचे होते, त्या दिवशी काकांनी मला चालवले आणि यमुनाबाई डाव्या बाजूला बसल्या. त्या बाजूला बसायची त्यांना सवय नव्हती. त्यांचा उजवा पाय सारखा खाली काहीतरी शोधत होता. परत येताना काका एकटेच होते.

त्यानंतर माझ्यावर निळी ताडपत्री पडली. श्रावण गेला, पुढचा श्रावण आला. रोज सकाळी काका चहा घेऊन ओटीवर बसत, ताडपत्रीकडे बघत आणि आत जात. मी कुणावर रागावले नव्हते. पण टायर बसत चालले होते, आणि माझ्या आत रात्री काहीतरी खुडबुडत होते. ते काय असेल याचा विचार करत मी दिवस काढत होते.

एक दिवस काकांच्या लेकीचा, दीपालीचा, मुंबईहून फोन आला. काकांना ऐकायला कमी येते. फोन मोठ्या आवाजावर असतो, म्हणून मीही ऐकले.

"बाबा, गणपतीला येते मी बाळाला घेऊन. तोवर ती गाडी काढून टाका. एक भंगारवाला न्यायला तयार आहे."

"आईची गाडी हाय ती."

"म्हणूनच म्हणते. कुजताना बघवत नाही हो."

"मी तिला नीट करतो. स्टेशनावर तिच्यातूनच येतो तुला न्यायला."

"त्या गाडीत मी बाळाला घेऊन बसणार नाही."

काकांनी ताडपत्रीकडे पाहिले. मग म्हणाले, "बसलीस तर ठेवू. नाय बसलीस तर दे त्या भंगारवाल्याला."

मित्रांनो, माझे सारे आयुष्य आता त्या एका 'बसलीस तर'वर आले होते.

दुसऱ्या दिवशी टायरांत हवा भरून आणि शेजाऱ्याच्या बॅटरीचा आधार घेऊन काकांनी मला सुरू केले आणि शोरूमला नेले. तिथे शमिका नावाची मुलगी गाड्या तपासून काय करायचे ते सांगते. तिने मला पुढून मागून पाहिले आणि भराभर यादी वाचायला सुरुवात केली. बॅटरी नवी, वायपर नवे, दोन्ही फिल्टर नवे, इंजिन ऑइल, एसीची सफाई, मागचे ब्रेक.

"थांब, थांब," काका म्हणाले. "एसीला काय झालंय?"

"वास येतोय काका. सुकटीचा."

"मिरकरवाड्यातल्या माणसाच्या गाडीला मोगऱ्याचा येणार काय?"

शमिका हसली. काकांनी तिला विचारले, "खरं सांग पोरी. ह्यातलं हिला काय हवंय आणि तुला काय खपवायचंय?"

शमिकाने आजूबाजूला पाहिले. आवाज खाली आणून ती म्हणाली, "बॅटरीची टोकं आधी साफ करून बघा, कदाचित नवी लागणार नाही. वायपर, फिल्टर घरी होतात. ऑइलही तुम्हाला जमेल. पण ब्रेक आमच्याकडे ठेवा."

"दाखव."

तिने मला वर उचलायला लावले. मला तेव्हा फार गंमत वाटली. एरवी मी जमीन कुठे सोडते? मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला ओल होती. शमिकाने त्यावर बोट फिरवून काकांना दाखवले. "ब्रेकचं ऑइल पाझरतंय. घासपट्ट्याही संपत आल्यात."

"अख्खं इंजिन खोलून बसवलंय मी, तेही लाटांवर. हे चाक काय मोठंसं?"

"इंजिनात चुकलात तर गाडी सुरू होणार नाही काका. ह्यात चुकलात तर ती थांबणार नाही."

काकांनी मान हलवली खरी, पण परत येताना ते वायपरच्या पात्यांची नवी जोडी, फिल्टर आणि ऑइल घेऊनच आले. हो, ब्रेकचेही सामान.

मग सुरू झाले माझ्या आयुष्यातले सर्वांत मजेचे दिवस. काका रोज माझे काहीतरी उघडत आणि मला ते पहिल्यांदा दिसे. बॅटरीच्या टोकांवर हिरवट पांढरा थर साचला होता, बंदरातल्या जुन्या तांब्याच्या खिळ्यांवर असतो तसा. काकांनी गरम पाणी ओतले, ब्रशने घासले, आणि चावी फिरवताच मी खणखणीत सुरू झाले! हवेचा फिल्टर काढला तर तो जांभ्याच्या धुळीने विटेसारखा लाल. "एवढी माती खाल्लीस गो?" काका म्हणाले. जुने इंजिन ऑइल त्यांनी दोन बोटांत चोळून पाहिले, वास घेतला, आणि लाँचच्या इंजिनाची आठवण आल्यासारखे बराच वेळ तसेच बसले.

एसीचा फिल्टर डाव्या बाजूच्या कप्प्यामागे असतो. हे मला तेव्हा कळले. काकांनी कप्पा काढला, आत हात घातला आणि ओरडले, "अरे चोरा!"

आत उंदराचे घर होते. रात्रीची खुडबुड ती हीच. त्याने कुणाच्या तरी टोपलीतली सुकट पळवून आणली होती. वासाचा उलगडा झाला. बसायला मात्र त्याने मऊ गादी केली होती, पांढऱ्या कापसाची. तो कापूस यमुनाबाईंच्या लशीच्या पिशवीतला होता. ती पिशवी अजून मागच्या सीटखाली पडली होती.

काकांनी सुकट फेकली. कापूस फेकायला हात नेला आणि मागे घेतला. मग तो झटकून स्वच्छ केला आणि वर्तमानपत्रात गुंडाळून घरात नेऊन ठेवला. मी पुढचे काही सांगत नाही. त्या दिवशी त्यांनी पुन्हा पाना हातात घेतला नाही.

राहिले ब्रेक. गणपती आठवड्यावर आले होते. काकांनी मागचे चाक काढले, आतले सगळे ओळीने गोणपाटावर मांडले आणि नवे भाग नीट बसवले. हात चांगला होता त्यांचा, खोटे बोलणार नाही. पण ब्रेकच्या नळीत शिरलेली हवा बाहेर काढायची असते. त्याला दोन माणसे लागतात. एकाने पायाने पायडल दाबायचे, दुसऱ्याने चाकापाशी बसून बारीकसा स्क्रू सोडायचा आणि आवळायचा. काकांकडे दुसरे माणूस नव्हते. त्यांनी सीट आणि पायडल यांच्यामध्ये एक काठी अडकवली आणि स्वतः दोन्हीकडे धावपळ केली.

"झालं," असे म्हणून ते गाडीत बसले.

अजून काहीतरी राहिले आहे, हे मला सांगायचे होते. पण मला बोलता कुठे येते? अंगणातून रस्त्याकडे थोडा उतार आहे. काकांनी पायडल दाबले. ते पहिल्यांदा लागले. दुसऱ्यांदा दाबले तर थेट तळाला गेले. मी थांबेना. समोर रस्ता होता. काकांनी झर्रकन चाक डावीकडे फिरवले आणि मी अंगणाच्या दगडी कुंपणावर, जांभ्याच्या गडग्यावर, जाऊन आदळले. वरचे दोन दगड खाली आले. कुणाला काही लागले नाही.

काका दोन्ही हात चाकावर ठेवून बसून राहिले. मग डाव्या रिकाम्या सीटकडे बघून हळूच म्हणाले, "होडीला ब्रेक नसतो गो. मला त्यातलं काय कळणार?"

त्यांनी शमिकाला फोन लावला.

"पोरी, आपटलो."

"कुणाला लागलं का काका?"

"गडग्याला लागलं."

"गाडी आता अजिबात हलवू नका. मी माणूस पाठवते."

सुजय नावाचा मेकॅनिक आला. त्याने काकांचे काम बघितले. आता हा काहीतरी टोमणा मारणार, असे मला वाटले. तो म्हणाला, "बसवलंय बरोबर. हवा राहिली आहे. काका, सीटवर बसा आणि मी म्हणेन तसं पायडल दाबा."

"एवढंच?"

"एवढंच. पण एकट्याला नाही होत ते."

"दाबा," खालून आवाज आला. काकांनी दाबले. "धरून ठेवा. हां, सोडा." पुन्हा दाबा, पुन्हा सोडा. पारदर्शक नळीतून बुडबुडे बाहेर येऊ लागले. माझ्या आत इतकी हवा होती! आधी मोठे बुडबुडे आले, मग बारीक, मग नुसते सोनेरी ऑइल. पायडल घट्ट झाले. सुजयने दुसऱ्या बाजूचेही मागचे चाक उघडून पाहिले, हँडब्रेक आवळला आणि मग मला उतारावर तीनदा थांबवून दाखवले.

गणपतीच्या आदल्या दिवशी आम्ही स्टेशनावर गेलो. बारीक पाऊस होता. दीपाली बाळाला छातीशी धरून आली. माझ्या पुढच्या बंपरला पडलेला पोचा तिने आधी पाहिला. मागचे दार उघडले, पण ती आत बसली नाही.

"बाबा, खरं सांगा. हे सगळं तुम्ही केलंत?"

आजवर या प्रश्नाला काकांचे एकच उत्तर असे. 'मग काय, मीच.' मी श्वास रोखला. मोटारीला श्वास नसतो म्हणा, पण रोखला.

"वायपर मी," काका म्हणाले. "फिल्टर, ऑइल, बॅटरी मी. ब्रेक शोरूमच्या माणसानं केले. मी केलेले ते गडग्यावर गेले. हा बघ पोचा."

दीपाली त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. "तुम्ही दुसऱ्याला हात लावू दिलात?"

"हातभार मीच लावला. पायडल दाबलं."

ती हसली. मग तिने बाळ काकांच्या हातात दिले, स्वतः मागच्या सीटवर बसली, पदर सारखा केला आणि दोन्ही हात पुढे केले.

"द्या आता त्याला."

वाटेत माझा वायपर किरकिरत होता. "उलटा बसवलाय काय बाबा?" दीपालीने विचारले. "नवा हाय. बोलतो जरा," काका म्हणाले. भंगारवाल्याचे नाव त्या वाटेत कुणी काढले नाही, आणि नंतरही नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखी एखादी असेल तर मोठ्यांना घेऊन तिचे झाकण उघडा आणि आत बघा. कुणी म्हणाले, हे बदला, ते बदला, तर त्यांना 'दाखवा' म्हणा. धूळ झटका, मीठ धुवा, उंदराला दुसरे घर शोधायला सांगा. आम्हाला ते आवडते. पण पाना घेऊन चाकापाशी बसण्याआधी एकदा मागच्या सीटकडे बघा, आणि तिथे कोण बसणार आहे ते आठवा.