पाटावरचं सॉफ्टवेअर

पलासियातल्या त्या डिझाइन स्टुडिओत कोणतं सॉफ्टवेअर वापरायचं, हे दरवर्षी खंडेनवमीला ठरत असे. मालक यशवर्धन यांचे पणजोबा संस्थानच्या फौजेत होते. घरी तलवारीची पूजा होते, मग ऑफिसातल्या हत्यारांनी काय पाप केलंय, असा त्यांचा सवाल. सॉफ्टवेअरला ना मूठ ना पातं, म्हणून त्याच्या चिन्हाचा रंगीत प्रिंट पाटावर ठेवायचा. ज्यावर कुंकू पडेल ते वर्षभर चालणार. आणि पुजलेलं हत्यार नवमीला उघडायचं नाही, थेट दसऱ्याला. बाकी नियम मोडले तरी चालत, हा नाही.

यंदा डिझायनर पूर्वाला जुनंच टूल हवं होतं, कारण दवाखान्याच्या अपॉइंटमेंट ॲपचे सगळे स्क्रीन तिने त्यातच केले होते. बाजारात आलेल्या नव्या टूलमध्ये नेले की अक्षरं बटणांबाहेर सांडायची. मग ते काम नव्याचा जाणकार म्हणून शेजारच्या टेबलावरच्या मानसकडे जाणार आणि प्रोजेक्ट लीडची खुर्चीही त्याच्याकडेच. मानस म्हणे, नवं फार फास्ट आहे. काय फास्ट होतं ते त्यालाही सांगता येईना, पण पुण्यातले सगळे तिकडे गेलेत, एवढं मात्र त्याला पक्कं माहीत होतं. पुण्याचं नाव निघालं की यशवर्धन हळवे होत.

पूजेला त्यांच्या भानुमती आत्या बसल्या. पूर्वाने जुन्याचा प्रिंट पाटावर ठेवला. मानसने शेजारी नव्याचा सरकवला. यशवर्धननी दोघांकडे पाहिलं आणि न वाजलेला फोन घेऊन ते बाहेर गेले. आत्यांनी चष्मा चढवला, दोन्ही कागदांवर कुंकू वाहिलं, दोन्हींना झेंडू दिला.

"एवढीशी तर हत्यारं," त्या म्हणाल्या. "दोन लागतीलच."

अशा रीतीने दोन्ही टूलं उद्यापर्यंत बंद झाली, आणि दवाखान्याच्या डॉक्टर विनीता दारात उभ्या राहिल्या. दसऱ्याला त्या उज्जैनला जाणार होत्या. स्क्रीन आजच बघायचे आणि काम कुणाच्या हाती द्यायचं तेही आजच सांगायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. मानसने त्यांना परवाची वेळ देऊ केली. पूर्वाने खाली मान घालून खरं ते सांगितलं.

डॉक्टरांना जराही नवल वाटलं नाही. "माझा स्टेथोस्कोपपण पाटावरच आहे. सकाळपासून पेशंटच्या पाठीला कान लावतेय. पण काम थोडीच थांबतं? काहीतरी दाखव ना."

पूर्वाने ऑफिसभर नजर फिरवली. अकाउंट्सच्या कमलताई एक्सेलमध्ये पगार भरत होत्या. त्यांची पूजा दिवाळीला, वहीबरोबर. म्हणजे एक्सेल अजून मोकळं होतं. तिने नवी शीट उघडली. चौकोन हिरवा केला, हे बटण. लाल केला, हा डॉक्टर आज सुटीवर. रांगच्या रांग पिवळी केली, हे थांबलेले पेशंट.

"हे मला समजतं," डॉक्टर म्हणाल्या. "मागच्या वेळी बटणं सरकत होती, मला गरगरायला लागलं. हिलाच द्या काम. अस्संच पाहिजे."

यशवर्धन तोवर फोन संपवून आले होते. त्यांनी शीटकडे लढाईच्या नकाशासारखं पाहिलं.

"हे पुण्यात कुणी करतं?"

नाही, असं मानसला कबूल करावं लागलं.

"डिसाइड झालं. कल से पूरं ऑफिस यातच. पूर्वा लीड."

दसऱ्याला सोनं वाटून झाल्यावर पूर्वा लीडच्या खुर्चीत बसली. खुर्ची छान मागे झुकत होती. मानस लॅपटॉप घेऊन नम्रपणे शेजारी आला.

"पूर्वाजी, यात कोपरा गोल कसा करायचा?"

"यात कोपरे गोल नसतात," तिने लीडला शोभेल अशा आवाजात सांगितलं. मग जुन्या टूलमधला आपला पहिला स्क्रीन उघडला आणि त्यातलं गोलमटोल, देखणं बटण बघत एक्सेलमधला पहिला चौकोन हिरवा करायला घेतला.