ओलांडायची पायरी

आमच्या दारातल्या पायरीवर कोणी पाय देत नाही. ती ओलांडायची, हा आजोबांचा नियम. ती घसरते म्हणे. भर उन्हाळ्यातली कोरडी ठणठणीत दगडी पायरी कशी घसरते, हे त्यांना विचारायची बाबांची कधी छाती झाली नाही. मी मात्र लहानपणी, बाजूची माती खचली तेव्हा, खाली हात घालून पाहिला होता. बोटांना कोरलेली अक्षरं लागली.

या उन्हाळ्यात जर्मनीहून मुलं शिबिराला आली. गावाबाहेरचं जुनं जर्मन कब्रस्तान आम्ही पोलिश मुलांनी त्यांच्यासोबत साफ करायचं होतं. झुडपं तोडली तर खाली नुसते चौथरे, नावं कोरलेले दगड गायब. दुसऱ्या महायुद्धानंतर सीमा सरकली, इथले जर्मन गेले आणि पूर्वेकडून, आजच्या युक्रेनातून, हाकललेले आमच्यासारखे पोलिश इथे आले. दगड मग गोठ्यांत, विहिरींवर, दारांत गेले. गावात सगळ्यांना ठाऊक आहे, बोलत कोणी नाही.

त्यांच्यातली मारेन आमच्याकडे राहायला होती. ती आली त्याच दिवशी बाबांनी मला गोठ्यात गाठलं.

"कलीना, पायरीबद्दल चकार शब्द काढायचा नाही. आज दगड मागतील, उद्या घर मागतील. मग जायचं कुठे आपण? परत युक्रेनात?"

"बाबा, ती सतरा वर्षांची आहे."

"तिचा वकील सतरा वर्षांचा नसेल."

घर जाईल ही भीती बाबांना बाळकडूसारखी पाजलेली होती. मला त्यांचा संताप यायचा आणि कीवही यायची. रोज त्या उघड्या चौथऱ्यांवरचं शेवाळ खरवडायचं आणि घरी येऊन तोंड शिवून बसायचं, मला ते सहन होईना.

शिबिराच्या शेवटच्या दुपारी आईने उकडलेल्या करंज्यांसारखे पिएरोगी वाढले, वर कांदा परतून घातला. मारेन खाईना. दाराकडे बघत तिने मला काहीतरी विचारलं. मला शाळेतलं जर्मन येतं, बाबांना येत नाही.

"काय म्हणतेय?" बाबांनी विचारलं.

खोटं सांगता आलं असतं. नाही सांगितलं.

"तुम्ही सगळे पायरी ओलांडता, म्हणून तीही ओलांडते. पण का, ते तिला कळत नाही."

"तीही ओलांडते?"

"पहिल्या दिवसापासून."

बाबा उठले. आईने त्यांची बाही धरली, ती त्यांनी सोडवली. आता हे पोरीला हाकलणार, असं वाटून मी उभी राहिले. ते गोठ्यात गेले आणि पहार घेऊन आले.

दगड उलटायला आम्हा चौघांचं बळ लागलं. बाबांनी बाहीनेच चिखल पुसला. एका लहान मुलीचं नाव होतं, खाली कोरलेलं कोकरू. मारेन गुडघ्यांवर बसली आणि नाव मोठ्याने वाचू लागली.

"तिला विचार," बाबा म्हणाले, "आता घराचं काय?"

मी विचारलं. मारेन गोंधळली. "कुठलं घर?"

बाबांनी पहार भिंतीला टेकवली.

"माझ्या आजीचं थडगं तिकडे युक्रेनातच राहिलंय. त्याचीही कोणीतरी पायरी केली असेल. तिला विचार, ते लोक ओलांडत असतील का?"

मी भाषांतर केलं. मारेनला कसं ठाऊक असणार? तरी बाबा तिच्या तोंडाकडे बघत तसेच थांबून राहिले.