मष्णूच्या खोलीतला निळा पडदा

मी एक जुना पडदा आहे. पडदा कसला, आता वीतभर चिंधी उरली आहे! पण मित्रांनो, एके काळी माझा तोरा काही वेगळाच होता. गडद निळा रंग, त्यावर पांढऱ्या हंसांची रांग. बेळगावच्या बाजारात एका दुकानाच्या दर्शनी फळीवर बसून मी येणाऱ्या-जाणाऱ्या गिऱ्हाइकांना पाहून नाक मुरडत असे.

१९७८ च्या डिसेंबरात मष्णू दुकानात आला. बोरगावचा हा मुलगा बेळगावात कॉलेजच्या वसतिगृहात राहत होता. त्या वर्षी स्नेहसंमेलनात सर्वांत सुंदर खोलीला बक्षीस ठेवलं होतं. मष्णूच्या खोलीत दोन खाटा, दोन ट्रंका आणि खिळ्याला टांगलेले सदरे, एवढाच थाट. त्याचा खोलीतला सोबती, येळ्ळूरचा गुंडू, सहज बोलून गेला होता, "मष्ण्या, आपली खोली बघून परीक्षक उंबऱ्यावरनंच माघारी जातील रं."

मष्णूच्या मनाला ते लागलं. त्याने मला घेतलं, दोन फुलाफुलांच्या चादरी घेतल्या, टेबलावरचा दिवा घेतला. पैसे कुठले, ते मी विचारलं नाही. आपल्याला कुणी पसंत केलं की असे प्रश्न सुचत नाहीत.

ते पैसे त्याच्या आईचे होते. गुणाबाई निपाणीला तंबाखूच्या वखारीत कामाला जात असे. तिचा खोकला हटत नव्हता, म्हणून तिथल्या डॉक्टरांनी बेळगावला जाऊन छातीचा फोटो काढायला सांगितलं होतं. फोटोसाठी साठवलेले पैसे तिने मष्णूच्या हाती दिले होते. "माझ्याजवळ ऱ्हायले तर घरात खर्चून जातील. तुझ्यापाशी असू देत. संक्रांत झाली की यीन." बक्षीस मिळालं की पैसे जागच्या जागी ठेवू, असा मष्णूचा हिशेब. बाजारात तुरी म्हणतात ते हेच!

परीक्षक आले त्या दिवशी मी अंगावर एक सुरकुती पडू दिली नाही. पण बक्षीस गेलं ते भाताच्या लोंब्यांचं तोरण बांधलेल्या खोलीला. त्या मुलांची दमडीही खर्च झाली नव्हती.

संक्रांतीनंतर गुणाबाई आली. जिना चढताना तिचा खोकला आधी वर आला, मागून ती. हातात भाकरीचं गाठोडं, पदरात तिळगूळ. दारातच थबकून ती माझ्याकडे पाहत राहिली. आता ही माझं कौतुक करणार म्हणून मी हंस फुलवून बसलो. तिने जवळ येऊन मला चाचपलं आणि तिचा चेहरा उतरला.

"लेकरा, खिडकी का झाकलीस रं? हितंबी खकाणा उडतोय व्हय?"

वखारीत खिडक्यांना गोणपाट लावतात. वारा आत आला तर तंबाखू उडते. आत कोंडलेला खकाणा, म्हणजे तंबाखूची बारीक धूळ, मग दिवसभर बायकांच्या नाकातोंडात जातो. खिडकी झाकायचं दुसरं कारण गुणाबाईला ठाऊकच नव्हतं. आपल्या पोराच्या वाट्यालाही तेच आलं, या विचाराने ती घाबरली होती.

मष्णूने मला बाजूला सारून खिडकी उघडली. "आये, तुझ्या फोटूचं पैसं मी ह्यात घातलं."

गुणाबाई म्हणाली, "चार पोरांत आपलीबी खोली उठून दिसावी वाटलं तुला. वाटणारच. पर मला इच्यारायचं हुतंस रं."

मला तेव्हा माझ्या हंसांची लाज वाटली.

शिवलेलं कापड दुकानदार परत घेईना. गुणाबाईने दाताने माझी कड तोडली आणि टराटरा माझे तुकडे केले. "पाच-सा बायकांच्या नाकाला बांधायला हुतील," ती म्हणाली. अशा रीतीने मी वखारीत गेलो. गुणाबाईच्या तोंडावर बसून मी होईल तेवढा खकाणा अडवला. पण तिच्या छातीत आधीच साचलेला मला कसा काढता येणार?

मष्णू रविवारी भाजी बाजारात ओझी वाहू लागला. त्या पैशांतून एप्रिलात फोटो निघाला. डॉक्टर म्हणाले, "तीन महिन्यांपूर्वी यायला हवं होतं." गुणाबाई त्यानंतर दोन वर्षं जगली, बहुतेक अंथरुणावरच.

आज १९८७ साल आहे. मष्णू निपाणीत मास्तर आहे. आईच्या तोंडावरचा माझा तुकडा त्याने ट्रंकेत जपून ठेवला आहे. त्याच्या घरात एकाही खिडकीला पडदा नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू नेहमी म्हणतात, आम्हाला जपा. मी तसं म्हणणार नाही. खोली सजवा, हौस करा; हौसेला मोल नसतं म्हणतात. पण मला विकत घेण्याआधी घरी एकदा जाऊन या. आणि तिथे कुणी खोकत असेल, तर मला दुकानातच राहू द्या.