शीलाचा सोऱ्या

"अहो, सोऱ्या कुठाय?"

चकलीची उकड मळून शीला तेलकट हातांनी ओट्याशी उभी होती. जयप्रकाश चहा पिता पिता थांबला.

"सोऱ्या म्हणजे कुठला?"

"तीस वर्षं चकल्या खाताय आणि मलाच विचारताय?"

जयप्रकाश तेल कंपनीत पंप दुरुस्त करायचा. साठलेली रजा घेऊन तो आठवडाभर आखातातल्या मंगफ गावच्या फ्लॅटवर होता. शीला हॉस्पिटलात ड्युटीवर गेल्यावर त्याने स्वयंपाकघराला प्लँटची शिस्त लावली. सहा महिने ज्याला हात लागला नाही, ते भंगार. सोऱ्याला वर्षातून एकदाच, दिवाळीत हात लागायचा.

"अम्गऱ्याच्या भंगारबाजारात दिला," तो पुटपुटला. "त्या साबीर मेकॅनिकच्या वर्कशॉपात."

"आईनं दिलेला होता तो." शीलाने उकडीवर ओलं फडकं टाकलं, पातेलं उचललं आणि चपला घातल्या. "चला. परतताना गाडीतच पाडते चकल्या."

तासाभराने, पातेलं कडेवर घेऊन, ती साबीरच्या वर्कशॉपात उभी राहिली. साबीर एका पंपाच्या बेअरिंगमध्ये ग्रीस भरत होता. सोऱ्याने.

"भाईसाब, क्या ग्रीसगन दिया आपने! तीस साल चलेगा."

"तीस साल चल चुका है," शीला म्हणाली.

हे खाण्याचे पदार्थ करायचं यंत्र आहे हे कळताच साबीरने दोन्ही कान पकडले. "तौबा, बाजी!"

"डिझेलनं धुतला की लख्ख होईल," जयप्रकाश म्हणाला.

"आणि चकल्या खाऊन सगळे माझ्याच वॉर्डात येतील."

मग साबीरने स्टीलचा नवा पाइप कापला, लाकडाचा दट्ट्या घासून बसवला. चकतीला चांदणीचं भोक पाडायचं काम जयप्रकाशकडे आलं. हयातभर केसाच्या अंतराने पंप जुळवणारा माणूस त्या पाच टोकांपुढे घामाघूम झाला. शीला शेजारीच उभी.

"काटा नीट येऊ द्या. बिनकाट्याच्या चकलीला कडबोळं म्हणतात."

तिसरी चकती तिने पास केली.

निघताना साबीरने जुना सोऱ्या पुसून दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरला. शीलाने अंगठ्याने ग्रीस सारलं. पितळेवर कोरलेलं आईचं नाव दिसलं. तिने ते बोटाने एकदा गिरवलं आणि सोऱ्या परत साबीरच्या हातात दिला.

"रहने दो. हमारे यहाँ साल में एक दिन निकलता था. यहाँ रोज काम पे आएगा."

गाडीत ती नवा सोऱ्या मांडीवर घेऊन बसली.

घरी वाळलेली उकड कोमट पाण्याने पुन्हा मळावी लागली. "मी पाडतो," जयप्रकाश म्हणाला आणि सोऱ्या भरून बसला. दुसऱ्या घाण्यालाच त्याचे तळवे लाल झाले. तिसऱ्याला तो उभा राहून, अंगाचा भार टाकून दाबू लागला.

"एवढा जोर लागतो?"

शीलाने झाऱ्याने चकल्या उलटल्या.

"हा हलका आहे. जुना जड होता."

जयप्रकाशने तळवे पँटला पुसले आणि चौथ्या घाण्यासाठी उकडीचा गोळा घेतला.