बिनहाडाचं मनगट

मी सात नंबर बोलतोय. माझ्याआधीचे सहा नमुने केराच्या टोपलीत गेले आणि त्यांचं मला काडीचंही दुःख नाही. मी मरून रेशमाचा गोफ आहे, मनगटाला तीन वेढे घेणारा. मध्ये चांदीचे तीन मणी, खाली सरकगाठ. गाठ ओढली की घट्ट, सोडली की सैल, म्हणजे जाड मनगटालाही चालतो आणि बारीकलाही.

सध्या माझा मुक्काम बंगळूरला, बनशंकरीतल्या एका ऑफिसात, काचेच्या कपाटात, एका लाकडी हातावर. येणारा-जाणारा काचेला नाक लावतो आणि ‘ब्यूटिफुल’ म्हणतो. मला त्या शब्दाची शिसारी आली आहे. तुम्ही अजून तो उच्चारला नाहीत, म्हणून तुमच्याशी बोलतो.

माझा जन्म कागदावर झाला. जन्म देणारा श्रीरंग, पुण्याचा, शहाण्णव साली नोकरीसाठी इकडे आलेला. कंपनी दागिने परदेशी पाठवायची आणि हा त्यांची चित्रं काढायचा. परदेशातल्या एका बाईची तक्रार आली होती, की तुमचे वेढ्यांचे गोफ दिसायला छान, पण हातावर राहत नाहीत. हात वर केला की कोपराकडे पळतात, खाली सोडला की तळव्यावर येतात. कोणत्याही मनगटाला होईल आणि जागेवरून हलणार नाही असा गोफ करा, मी महिन्याभराने शुक्रवारी येते, बघते आणि मोठं काम देते, असं तिने कळवलं.

झालं, श्रीरंग कामाला लागला. त्याने ऑफिसातल्या चाळीस मुलींना टेबलावर हात ठेवायला लावले आणि टेप घेऊन मनगटं मोजली. लस टोचून घ्यायला आल्यासारख्या त्या बिचाऱ्या रांगेत उभ्या. एकीलाही त्याने हात हलवायला सांगितला नाही. मग चाळिसांची सरासरी काढली. सरासरीचं मनगट जगात एकाही बाईला नसतं, पण एवढा विचार करायला वेळ कुणाला होता!

त्या मापाचा हात त्याने चन्नपट्टणच्या एका खेळणीवाल्याकडून करून आणला. त्या कारागिराला दोष देत नाही. तो लाकूड लेथवर फिरवणारा माणूस, त्याने फिरवून दिलं. लाल लाखेचा, गुळगुळीत, चारही बाजूंनी गोल हात. लेथवर फिरलेल्या मनगटाला हाड कुठून येणार? तो हात बोटं वर करून उभा केला. खाली कोपराकडे रुंद, वर निमुळता. त्याच्यावर गोफ चढवला की तो जरा खाली सरकून अडकून बसायचा. उभ्या हातावरून पडून पडणार तरी कुठे?

“परफेक्ट! बघा, हलतच नाही,” श्रीरंग सगळ्यांना बोलावून सांगायचा. “बेसिक प्रॉब्लेम सॉल्व्ह झालाय. आता फक्त कलर फायनल करायचा.”

माझे सहा भाऊ रंगापायी टोपलीत गेले. एकही घसरला म्हणून गेला नाही, कारण घसरतो का हे कुणी बघितलंच नव्हतं. असले हे उंटावरचे शहाणे.

कागदावरून मला रेशमात आणलं नागनाथने. हा चामराजपेटेतला पटवेगार, म्हणजे दागिने रेशमात गुंफणारा. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड, अशी तीन पिढ्यांची वस्ती. दारालगतच्या पाटावर बसायचं, दोरा पायाच्या अंगठ्याला अडकवायचा आणि वीण घालत राहायचं. पूर्वी सराफांचे हार त्याच्याकडे ओवायला यायचे. आता हारांना मशीनच्या साखळ्या आणि हूक आले, आणि नागनाथच्या पाटावर काळे दोरे आणि ताईत तेवढे उरले. शेजारच्या नरसिंहने त्याच्यासाठी हेब्बाळला एका गेटवर वॉचमनची जागा बघून ठेवली होती.

“शुक्रवार होऊ दे अण्णा,” नागनाथ त्याला म्हणाला होता. “हे काम लागलं तर पाट राहील. नाही तर येतोच तुझ्या गेटावर.”

म्हणजे माझा शुक्रवार आणि त्याचा शुक्रवार एकच. हे माहीत असूनही हा माणूस श्रीरंगसमोर उभा राहिला की त्याची मान डोलायला लागायची. चित्र चुकीचं आहे हे त्याला पहिल्या दिवशी कळलं होतं. पण तोंडातून काय निघायचं? “सरी सर, करतो सर.” सरी म्हणजे कन्नडमधलं ‘बरं’. मान डोलवण्यात नंदीबैलानेही त्याच्याकडे शिकवणी लावावी.

त्या घरात एक रीत होती. सोनं ओवण्याआधी नुसता गोफ घरच्या बाईने एक दिवस अंगावर घालायचा आणि रोजची सगळी कामं करायची. सुटला, घसरला, टोचला तर उसवायचा. तिने ‘हं’ म्हटल्यावरच गिऱ्हाइकाला द्यायचा. पण श्रीरंगला नमुना विणल्या विणल्या हवा असायचा, त्यामुळे पहिल्या सहांच्या वेळी रीत मोडली. मी बुधवारी विणून झालो, आणि गुरुवारी श्रीरंग नेमका बाहेरगावी. तो दिवस मी नागनाथच्या बायकोच्या, ठकुबाईच्या हातावर काढला.

खरं सांगतो, मला किळस आली. मी मरून रेशीम! आणि तो हात भांड्याच्या पावडरीने चिरलेला, अंगठ्यावर विळीच्या खुणा, नखांत नाचणीचं पीठ. मनगट तर काडीसारखं. दोन वर्षांपूर्वी तिला विषमज्वर झाला होता आणि त्यानंतर अंग भरलंच नाही. कुठल्या दळभद्री हातावर येऊन पडलो, असं मनात म्हणत मी बसलो होतो.

तेही फार वेळ नाही. ती वाळत घालायला हात वर करायची आणि मी थेट कोपरापाशी. मुद्दे, म्हणजे नाचणीच्या उकडीचे गोळे, वळायला बसली तर मी तळव्यावर, पिठात. नळावर कळशी उचलताना तर बादलीतच पडलो.

“अहो, हे काय केलंय?” ती नागनाथला म्हणाली. “हा गोफ हाय की पाहुणा? बसायच्या आधी उठतोय.”

“सरांचं चित्र तसंच हाय. आपण काय करायचं?”

“चित्र कुणाच्या हाताचं हाय?”

“लाकडाच्या.”

ती हसली नाही. ओला हात पुसला आणि त्याच्यासमोर धरला. तेव्हा मी पहिल्यांदा नीट बघितलं. तिच्या हिरव्या बांगड्यांच्या पुढे एक साधा सुती दोरा होता. तापानंतर बांगड्या हातातून गळायला लागल्या होत्या. एकदा नळाच्या रांगेत दोन गळून फुटल्या आणि बायकांनी नको ते अर्थ काढले. तेव्हापासून ती हा दोरा बांधायची. करंगळीच्या बाजूला मनगटाचं जे हाड वर येतं ना, त्याच्या मागून एक वेढा. मग नाडीवर तिरका आणून हाडाच्या पुढून दुसरा. तिसरा परत तिरका. हाड मधोमध अडकलेलं. त्या दोऱ्याला अडून बांगड्या जागच्या जागी राहत होत्या. दोन वर्षं तो दोरा नवऱ्याच्या डोळ्यांसमोर होता, आणि जन्मभर दोऱ्यांत बसलेल्या या गृहस्थाला तो दिसला नव्हता.

“असं वळवा,” ती म्हणाली. “आणि वीण गोल नको, चपटी घाला. गोल दोरा लोळतोय. चपटा बसतोय.”

नागनाथने मला उसवलं आणि चपट्या विणीत पुन्हा विणलं. ठकुबाईने मला तिच्या रीतीने बांधलं. मग तिने धुणं पिळलं, मुद्दे वळले, पाणी भरलं. मी हललो नाही. त्या हाडाला धरून बसलो, आणि सकाळी आलेल्या किळसेची मला लाज वाटली. ही माझ्या आयुष्यातली एकुलती एक लाज, म्हणून सांगितली. संध्याकाळी ती ‘हं’ म्हणाली.

शुक्रवारी श्रीरंगने मला बोटांत धरून उलटसुलट केलं. “वा, हे फ्लॅट टेक्स्चर मस्त वाटतंय,” म्हणाला. का चपटं केलं, हे नागनाथने सांगितलं नाही आणि त्याने विचारलं नाही. श्रीरंगने नवरा-बायकोला चांगले कपडे घालून यायला सांगितलं होतं. का, तर त्या परदेशी बाईला फोटो काढता यावेत. दोघांना कोपऱ्यात चटईवर बसवलं होतं, पायाच्या अंगठ्याला दोरा लावून, दाखवायला.

बाई आली. गोरा, ठिपक्याठिपक्यांचा हात, आणि मनगटाचं हाड चांगलं ठसठशीत. मला बरं वाटलं. पण श्रीरंगने मला तिच्या हातावर चढवलं ते आपल्या चित्राप्रमाणे, तीन सरळ वेढे, एकाखाली एक. बाईने चहाचा कप उचलला, मी तळव्यावर आलो. तिने बिस्किटासाठी हात पुढे केला, मी बशीत.

श्रीरंगचे कान लाल झाले. तो मराठीत नागनाथवर घसरला. “काय अण्णा हे? गाठ नीट मारायची ना! आज तरी!”

आणि नागनाथ काय म्हणाला असेल? “सरी सर. चुकलं माझं.”

त्या क्षणी त्या माणसाची मला जेवढी चीड आली तेवढी श्रीरंगचीसुद्धा कधी आली नाही. पाट चालला होता, हेब्बाळचं गेट समोर दिसत होतं, आणि हा न केलेल्या चुकीची माफी मागत होता.

ठकुबाई चटईवरून उठली.

“काय चुकलं? काही चुकलं न्हाई,” असं नवऱ्याला म्हणत तिने मला बशीतून उचललं, पदराने पुसलं आणि सरळ त्या बाईचं मनगट धरलं. “अक्का, स्वल्प हात द्या.”

बाईला शब्द कळले नाहीत, पण तिने हात दिला. हाडाच्या मागून, नाडीवर तिरका, हाडाच्या पुढून. गाठ ओढली. मग ठकुबाईने टेबलावरचा रुमाल पाण्यात बुडवला आणि तिच्या हातात दिला. “पिळा.” करूनही दाखवलं. त्या बाईने रुमाल पिळला, हात झटकला, वर केला, खाली सोडला. हातच्या काकणाला आरसा कशाला! मी तसूभरही हललो नाही.

बाई खूष होऊन हसली आणि तिने इंग्रजीत विचारलं, ही कल्पना कुणाची. श्रीरंगने एक श्वास घेतला. तेवढ्या श्वासात माणूस खरं बोलू शकतो. तो म्हणाला, “आमच्या डिझाइन टीमची.”

“काय विचारतीया?” ठकुबाईने विचारलं.

“आवडलं म्हणाली,” श्रीरंग म्हणाला.

काम मिळालं, आणि मला परत लाकडी हातावर चढवून या कपाटात ठेवलं. पण चामराजपेटेत त्यातला एक दोराही गेला नाही. हाताने एकेक विणण्यात फार वेळ जातो असं ठरलं आणि गोफ पीण्या नावाच्या कारखान्यांच्या भागातल्या एका शेडमध्ये मशीनवर निघाले, गोल दोऱ्याचे. बांधायचं कसं याचं चित्र प्रत्येक डबीत घातलं, तेच तीन सरळ वेढ्यांचं. श्रीरंग बंद कपाटासमोर उभा राहून माझी नक्कल काढायचा, पण समोरच्या लाकडाला हाडच नव्हतं, तेव्हा तिरका वेढा त्याच्या चित्रात आला नाही. प्रत्येक गोफ या लाकडी हातावर चढवून तपासला. सगळे पास झाले, होणारच होते.

पाच महिन्यांनी खोकीच्या खोकी परत आली. ‘हातावर राहत नाहीत.’ मग मीटिंग झाली आणि त्यात निघालं, की डिझाइन उत्तम आहे, कारागिरांची गाठ कच्ची आहे. नाचता येईना अंगण वाकडं. आणि अंगण तरी कुणाचं? ज्यांना हात लावू दिला नाही त्यांचं.

त्याच सुमारास ठकुबाई एकटीच इथे आली. काम मिळेल का, विचारायला. श्रीरंग तिला भेटला नाही. परत जाताना तिने मला बघितलं. तेव्हाही मी असाच होतो, लाकडावर तीन सरळ वेढ्यांत, खाली श्रीरंगच्या नावाचं कार्ड. ती काचेपाशी आली आणि तिने जीभ चावली.

“असं नव्हे हो,” ती टेबलामागे बसलेल्या मुलीला म्हणाली. “उलटं बांधलंय. स्वल्प उघडता? नीट बांधून देते.”

“हात लावायचा नाही, शो-पीस आहे,” ती मुलगी मान वर न करता म्हणाली.

ठकुबाईने आपल्या मनगटावरचा दोरा नीट केला आणि ती गेली. मला हाक मारता येत नाही. त्या दिवशी येत असती तर मी सगळं ऑफिस उठवलं असतं.

पुढच्या महिन्यात श्रीरंग हसत हसत सांगत होता, “अरे, आपला अण्णा! हेब्बाळला गेटवर उभा. मला बघून सलाम ठोकला.” सगळे हसले. सलाम ठोकलाच असणार, मान डोलवण्याच्या पुढची पायरी तीच. पाटावर आता काय ठेवत असतील कोण जाणे.

तर असा मी, जागेवरून न हलणारा गोफ. आणि खरोखरच हललेलो नाही, कारण या हातालाच कुठे जायचं नाही.

एक काम कराल? कपाटाची किल्ली कुलपालाच असते, इथे कुणाला कशाची काळजी नाही. दार उघडा, हा हात बाहेर काढा आणि त्याची बोटं खाली करा. एवढंच. मी आपोआप जमिनीवर पडेन. मला उचलू नका आणि ‘ब्यूटिफुल’ म्हणू नका. सकाळी इथे झाडायला एक बाई येते. ती उचलेल. तिच्या मनगटाला हाड असेल.