फाटलेली बाही

मामांना कामावरून काढलं ते माझ्यामुळे, असं आमच्या धुलाई कारखान्यात सगळे म्हणत होते. तक्रार मी केलीच नव्हती. तरी त्यांचं फारसं चुकत नव्हतं.

आमच्याकडे दवाखान्यांच्या चादरी येतात. गरम रोलरमध्ये मी चादर सरकवायची आणि पलीकडून मामांनी ओढून घ्यायची, असं अकरा वर्षं चाललं. मामा, म्हणजे सगळा कारखाना त्यांना मामाच म्हणे, तोंडाने भलतेच फटकळ. 'भवाने' ही त्यांची त्यातल्या त्यात सभ्य हाक. बोटं आत जाऊ नयेत म्हणून रोलरपुढे एक जाळी असते. ती खाली असली की चादर अडते, म्हणून आम्ही सगळेच ती उचलून ठेवायचो. पकडलं गेलं तर मात्र थेट घरचा रस्ता.

त्या दिवशी चादरीबरोबर माझ्या कामाच्या कोटाची बाही आत गेली. मामांनी आईवरून अशी काही शिवी हासडली की मी दचकून हात मागे खेचला. बाही फाटली, हात वाचला. "बाई, जरा हात मागे घ्या" असं मामा म्हणत बसले असते तर मनगट गेलं असतं. नेमक्या तेव्हाच नव्या मॅनेजरबाई दारात आल्या. त्यांना शिवी ऐकू आली, बाही दिसली नाही. आणि मी, त्या जवळ येण्याआधी, जाळी खाली पाडली.

चौकशीत मॅनेजरबाई माझ्याशी फार मायेने वागल्या. मामांनी तो शब्द वापरला का, एवढंच त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. का वापरला, हे कुणी विचारलं नाही आणि मीही मूग गिळून बसले. माझी मलाच लाज वाटत होती. मामांनी तर "हो, बोललो" म्हणून मुकाट्याने सही केली. निवृत्तीला त्यांचे चौदा महिने उरले होते.

मग चहाच्या सुट्टीत बाकावर माझ्या दोन्ही बाजूंची जागा मोकळी राहू लागली. मी गेले की गप्पा थांबत. घरी तर बोलायला कुणीच नाही; नवरा गेला, लेक लांब. दिवसाकाठी मला कुणी शिवीसुद्धा देईना.

रविवारी मामांकडे गेले. मामी दार उघडून आत निघून गेल्या. मामा खिडकीशी सदऱ्याला बटण लावत बसले होते.

"या बाई, बसा," ते म्हणाले.

अकरा वर्षांत पहिल्यांदाच. मला रडू आलं. त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

जाळीचं का सांगितलं नाहीत, असं मी विचारलं. त्यांनी दाताने दोरा तोडला.

"माझी गेली ती गेली. तुमची कशाला घालवायची? हात दाखवा बघू."

मी दोन्ही हात पुढे केले. त्यांनी उलटसुलट करून पाहिले आणि मान हलवली.

सोमवारी कामावर चढण्याआधी मी ऑफिसात गेले. मॅनेजरबाईंनी खुर्ची पुढे केली. मी उभीच राहिले. पिशवीतून तो कोट काढून त्यांच्या टेबलावर पसरला. बाही मी शिवली नव्हती.

"त्या दिवशी तुम्ही ऐकलंत," मी म्हटलं. "आता हे बघा. जाळी मी उचलली होती."