तळघरातलं चौथं दार

अंधारापुढे सगळी माणसं सारखीच, असं आमचे मालक ग्वोझ्देन फार गंभीरपणे सांगत. सांगताना खिडक्यांचे पडदे ओढत आणि परत येताना खुर्चीला अडखळत.

सर्बियातल्या निश शहरात आम्ही ब्राउझरवर खेळायचे व्हिडिओ गेम बनवतो. नवा गेम एका झपाटलेल्या तळघराचा होता. आंधळ्यांनाही खेळता येईल अशी जाहिरात करून झाली, मग गेम तपासायला कुणीतरी आंधळं शोधायला आम्ही निघालो. देसांका मिळाली. जन्मांध, उमेदीची सगळी वर्षं टेलिफोन एक्स्चेंजवर गेलेली. हे काम सुटलं तर तिला मुलीकडे जर्मनीत राहायला जावं लागणार होतं. तिथला जावई तिच्याशी ओरडून, सावकाश बोलतो, ती बहिरी असल्यासारखं.

ती एक कळ दाबत पुढे सरके आणि पडद्यावर जे असेल ते संगणक तिला वाचून दाखवी. एका सकाळी तिने हेडफोन काढून टेबलावर ठेवले.

"तळघरात चौथं दार आहे," ती म्हणाली. "तिन्हींना हा संगणक 'दार' म्हणतो. चौथ्याला नुसतं 'बटण' म्हणतो. आत गेलं की मागून येणारी पावलंसुद्धा थांबतात. कुणीतरी श्वास रोखून उभं आहे तिथे."

आम्ही सगळे वाकून बघत राहिलो. पडद्यावर दारं तीनच होती. ग्वोझ्देन म्हणाले, संध्याकाळपर्यंत दार दिसलं नाही तर दुसरी तपासनीस बघू, हिला भास होतात.

प्रोग्रॅमर स्त्राहिन्याने छातीवर क्रॉसची खूण केली. दुपारी पाद्री आले, तुळशीच्या जुडीने पाणी शिंपडून गेले. दोन कीबोर्ड बंद पडले. देसांकाने तिसऱ्या कीबोर्डवर पुन्हा कळ दाबली. दार. दार. दार. बटण. मग असं काही शांत झालं की आमच्यातलं कुणी खोकेना.

"मावशी, बाहेर या," स्त्राहिन्या हळूच म्हणाला.

"मागे जायची कळच चालत नाही, बाळा."

पडदे ओढलेलेच होते, उघडायला कुणी उठलं नाही. स्त्राहिन्या गेमचा कोड खाली सरकवत गेला आणि एका ओळीपाशी थांबला. मान वर न करता म्हणाला, "साहेब, दार आहे. मीच ठेवलंय, पडद्याच्या डाव्या कडेबाहेर. चाकाच्या खुर्चीचं चित्र असलेलं ते बटण गेमची भीती घालवतं, काढून टाक, असं तुम्हीच म्हणाला होतात. काढायचा कंटाळा आला, म्हणून सरकवलं."

देसांकाने हेडफोन पुन्हा कानाला लावले.

चौथ्या दारामागे होतं ते अपंगांसाठीच्या सोयींचं पान. त्यावर अजून काही टाकलेलं नव्हतं, ना आवाज, ना मागे जायची सोय.